कपाटातला स्फटिक आणि खंडेनवमीची हळद

तुमच्या तालुक्यात संशोधन करणारा एक तरी माणूस तुम्हाला नावानिशी माहीत आहे का? तालमीतला पहिलवान माहीत असेल. साखर कारखान्याचे चेअरमन माहीत असतील, त्यांच्या जीपचा रंगसुद्धा माहीत असेल. पण तालुक्याच्या गावात बसून, आजवर कुणी बनवला नाही असा पदार्थ बनवणारा माणूस? नाही ना? मलाही माहीत नव्हता. शिरूरच्या एका कॉलेजात धातूंच्या संयुगांवर काम करणारे प्रल्हाद ससाणे नावाचे एक तरुण रसायनशास्त्रज्ञ आहेत, आणि ते आपल्यातले आहेत, एवढंच एका मित्राच्या बोलण्यात आलं. मी पिशवी भरली आणि नागपूरहून निघालो.

निघताना वडील चिडले. दसरा, म्हणजे आपला धम्मदीक्षेचा दिवस, तोंडावर आलेला. ते आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटत आले, मी त्याच पत्रकांवर अक्षरं गिरवायला शिकलो. ते म्हणाले, "लेका, दसऱ्याले सारा देश नागपूरले येते अन् तू नागपूर सोडून कुठी चाल्ला?"

"माणूस पाहायला," मी म्हणालो.

"इथं लाखानं माणसं येतात ना बे!"

या लाखांतल्या एकाला आपण एकटं टाकलं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परत आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिही." म्हणून लिहितो आहे.

दौंड

दौंड म्हणजे रेल्वे. गावाची हवा, गावाची भाषा, गावाची झोप, सगळं गाड्यांच्या हिशोबानं चालतं. ससाणे मला घ्यायला स्टेशनावर आले होते. मी मनात चष्मा लावलेला, विस्कटलेल्या केसांचा कोणी कल्पिला होता. समोर आला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस. हाताच्या बोटांवर तपकिरी डाग. "ॲसिडचे," ते म्हणाले. "आईला वाटतं तंबाखूचे."

रेल्वे कॉलनीत त्यांची बहीण कमलताई राहते. तिचे यजमान लोकोशेडमध्ये फिटर आहेत. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण लख्ख. ताईंनी शेंगोळ्या केल्या होत्या. हुलग्याच्या पिठाच्या, बोटाएवढ्या वळलेल्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. आमच्याकडं तिखट खाणारे म्हणून आम्ही मिरवतो. मी पहिल्याच घासाला पाण्याचा तांब्या उचलला आणि भाऊजी खूश झाले.

जेवण झाल्यावर ससाण्यांनी खिडकीतली एक काचेची बरणी दाखवली. तळाशी पांढऱ्या खड्यांचा गुंता होता, एकात एक घुसलेले. "हे माझं पहिलं वर्ष," ते म्हणाले. "एकसंध स्फटिक वाढवायचा तर द्रावण हलता कामा नये. महिना-सव्वा महिना अगदी निवांत. हलक्या धक्क्यानंही एकाचे दहा होतात. इथं वीज आहे, जागा आहे, बहीण आहे. पण..."

तेवढ्यात मालगाडी गेली. कपाटातली भांडी किणकिणली. भाऊजी हसत म्हणाले, "मी तवाच म्हणालो व्हतो, मेव्हणं, तुमचं मीठ आन् आमची मालगाडी एका घरात नांदायची न्हाई."

काम काय आहे ते ससाण्यांनी मला त्या बरणीसमोर बसून समजावलं. आधी पुण्यात शिकताना ते तांबं आणि निकेलची संयुगं करायचे. धातूच्या भोवती इतर रेणू धरून बसतात आणि रंग पालटतो. शेतकरी फवारतात त्या मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात अमोनिया घातला की ते गर्द निळं होतं, ते याच कारणानं. आता ते जस्त आणि थायोयुरिया घेतात. थायोयुरिया म्हणजे शेतात टाकतात त्या युरियाचं चुलत भावंड. यातून बिनरंगी, पारदर्शक स्फटिक मिळतो. त्यांना शंका होती की याच्या आतली रेणूंची मांडणी एका अंगाला कललेली आहे. तशी असेल तर हा स्फटिक उजेडाशी एक विलक्षण गोष्ट करील. लेसरचा डोळ्यांना न दिसणारा किरण त्यात सोडला, तर दुसऱ्या बाजूनं हिरवा उजेड बाहेर येईल.

"येतो?" मी विचारलं.

"आला. मागच्या वर्षी. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी माझी भुकटी लेसरसमोर धरली. खोलीत अंधार. मी नुसता उभा. आणि भुकटीवर हिरवा ठिपका." त्यांनी चिमूट दाखवली. "एवढाच. तिळाएवढा. भालदार-चोपदार न्हाईत, काय न्हाई. पण त्या खोलीत तो माझा होता."

भुकटीवरून फक्त 'होतं' एवढं कळतं. किती होतं, कोणत्या कोनात होतं, हे मोजायला स्वच्छ एकसंध स्फटिक लागतो. दिवाळीनंतर त्याच प्रयोगशाळेनं त्यांना एक दिवस दिला होता. ते मोजमाप झालं की शोधनिबंध उभा राहणार होता. नाही झालं तर पुन्हा रांगेत. जगात या पदार्थांच्या मागे किती जण लागले आहेत, तेही त्यांनी सांगितलं. उद्या दुसऱ्या कुणी हे छापलं, तर शिरूरच्या ससाण्यांची गरज उरणार नव्हती.

शिरूर

दुसऱ्या दिवशी चौफुल्यावर गाडी बदलताना मी गोंधळ घातला. ससाणे केळी घ्यायला उतरले आणि मी ऐटीत समोरच्या एस्टीत जाऊन बसलो. ती राहू नावाच्या गावाची निघाली. शेजारी पागोटेवाले आबा.

"पाव्हणं, राहूला कुणाकडं?"

"राहूला नाही, शिरूरला."

"मंग ह्या गाडीत कशापायी बसला? मास्तर, थांबवा की, पाव्हणं चुकलं!" मग माझ्याकडं निरखून, "गाव कुठलं? नागपूर? आडनाव काय म्हनायचं?"

"मेश्राम."

"मेश्राम म्हंजी... कोण?"

या भागात जात सरळ विचारत नाहीत. गाव विचारतात, मग आडनाव, मग आळी, आणि तेवढ्यानं नाही उमगलं तर 'म्हंजी कोण?' आमच्याकडं निदान तोंडावर विचारतात. मी उतरता उतरता म्हणालो, "माणूस, आबा." गाडीतली माणसं हसली. आबाही हसले, पण उत्तर मिळालं नाही याची रुखरुख त्यांच्या तोंडावर दिसत होती.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीला पाणी बरं होतं. दुष्काळ सरून फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळं पूल ओलांडताना एस्टीतला प्रत्येक जण मान वळवून पाणी बघतो.

कॉलेजची प्रयोगशाळा मी पाहिली आणि माझं डोकं तिथंच तापलं. ऊर्ध्वपातनाचं यंत्र, म्हणजे पाणी उकळून शुद्ध करण्याचं, चोवीस तास ठिबकत होतं. पण ससाण्यांना पाणी मोजून. बाकीचं कॅनमध्ये भरून संस्थेच्या पुढाऱ्यांच्या जीप आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत जातं. माझ्यादेखत एक ड्रायव्हर आला, "बॅटरीचं पाणी" म्हणून कॅन घेऊन गेला. कुणी मान वर केली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला नळाचं पाणी आणि चेअरमनच्या बॅटरीला शुद्ध पाणी! याला विज्ञान संस्था म्हणायचं?

कोपऱ्यातल्या एका लाकडी कपाटात ससाण्यांचं सगळं संशोधन मावतं. आत पाण्याची टाकी, तिचं तापमान राखणारं एक यंत्र, टाकीत एक बीकर, वर काचेचं झाकण. द्रावणात बारीक धाग्याला लटकलेला स्फटिक. शेंगदाण्याएवढा, आणि इतका नितळ की आधी धागाच दिसला. कडा एखाद्यानं पैलू पाडावेत तशा. मी श्वास रोखला. "हसू नका," ससाणे म्हणाले, "मीपण रोज रोखतो."

कपाटाला कुलूप. किल्ली विभागप्रमुखांच्या टेबलात. ससाणे पदानं डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रयोग करून घेणारे. "डेमॉन्स्ट्रेटरला किल्ली द्यायची पद्धत नाही," असं त्यांना सांगण्यात आलं आहे. शेजारच्या कपाटाची किल्ली मात्र दुसऱ्या डेमॉन्स्ट्रेटरच्या खिशात असते. तो संस्थेच्या एका संचालकाचा पुतण्या आहे. ही पद्धत कुणी घातली आणि कुणासाठी घातली, हे मी विचारलं. ससाणे म्हणाले, "विचारून झालंय."

निघताना त्यांनी प्रयोगशाळेतल्या शिपायाला, नामदेवआप्पांना, बजावलं. आप्पा पिकल्या मिशांचे, धोतर-टोपीवाले, साऱ्या कॉलेजचे आप्पा. "आप्पा, मी गावाला चाललोय. हे कपाट उघडायचं न्हाई. नुसती धूळ गेली तरी महिना वाया."

"आवो सर, मी कशाला हात लावतोय? बिनघोर जावा. आईला रामराम सांगा." मग जीभ चावून, "जयभीम सांगा."

न्हावरे

न्हावऱ्यात उसाचे, कांद्याचे मळे आहेत, दुधाच्या किटल्या टांगलेल्या सायकली आहेत, आणि विजेचे खांब आहेत. खांब गावातून सरळ येतात आणि आपल्या वस्तीच्या अलीकडं थांबतात. शेवटच्या खांबाच्या सावलीत आपली पोरं गोट्या खेळतात. ससाण्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्या घरात चिमणीच्या उजेडात एम.एस्सी.ला पुण्यात जाईपर्यंतचा अभ्यास झाला. स्फटिक इथं वाढू शकत नाही. पत्र्याचं छप्पर दुपारी तापतं, पहाटे गारठतं, आणि तापमान राखणारं यंत्र चिमणीवर चालत नाही.

आईनं विचारलं, "तुमी ह्याचं काम बघितलं? मला सांगा, त्यात काय हाय? आधी निळं करायचा तवा बरं व्हतं, दिसायचं तरी. आता नुस्तं मीठ!"

"आई, त्यातनं हिरवा उजेड निघतो."

"मंग घरात लाव की. राकेल वाचंल."

ससाणे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दसऱ्याच्या सकाळी वस्तीत पंचशील ध्वज उभारला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. नागपूरला या दिवशी रस्ते माणसांनी वाहतात, ओळीनं जेवणाचे मांडव असतात, अनोळखी हात तुमच्या पानात वाढतात. इथं एक अंगण भरेल एवढी माणसं, आणि गुळाची गव्हाची खीर. पण नागपूरला मी गर्दीतला एक असतो. इथं म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांनी मला नाव विचारलं, आणि 'म्हंजी कोण' कुणी विचारलं नाही. वस्तीनं ससाण्यांना बोलायला उभं केलं. ते एवढंच म्हणाले, "दिवाळीनंतर मुंबईला जातोय. तिथनं आलो की सांगीन." अंगणानं टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं, पण आपला माणूस जातोय एवढं पुरेसं होतं.

पुन्हा शिरूर

दसऱ्यानंतरच्या सकाळी आम्ही प्रयोगशाळेत शिरलो. प्रत्येक तराजूला झेंडूची माळ. प्रत्येक बाटलीला हळदीकुंकवाचं बोट. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, तशी इथं उपकरणांची करतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ससाणे सरळ कोपऱ्याकडं गेले. त्यांच्या कपाटाच्या दारावरही पाच बोटं होती.

कुलूप नुसतं अडकवलेलं. आत काचेचं झाकण बाजूला ठेवलेलं. द्रावण पिवळं. तळाशी रवा सांडावा तसा खड्यांचा थर. स्फटिक होता, धाग्याला होता, पण त्याच्यावर पिवळट दुधी साय चढली होती, आणि बीकरच्या तळाशी झेंडूची एक पाकळी.

"आप्पा!" मी ओरडलो. मला थांबवत नव्हतं.

आप्पा हसतमुखानं आले. "झाली का पूजा बघून? औंदा सगळं केलं."

"कपाट कोणी उघडलं?"

"सायबांकडनं किल्ली घेतली की. आन् सर, झाकण काढून बोट लावलं, वर फूल ठिवलं. ते पडलं आत, मंग हातानं काढलं." त्यांचा चेहरा आता उतरू लागला. "काय झालं?"

"तुम्हाला सांगितलं होतं ना उघडू नका म्हणून?" ससाण्यांचा आवाज अगदी खाली.

"व्हय, सांगितलं व्हतं. पर सर, समद्यांची कपाटं पुजायची आन् तुमचंच तेवढं सोडायचं? लोकं काय म्हनली असती? बुद्धवाड्यातल्याचं म्हून वगळलं. मला न्हाई ते बरं वाटलं. मी म्हनलं, ससाणे सरांचं पयलं."

मी ज्या वगळण्याविरुद्ध पत्रकं लिहीत आलो, तेच टाळायला हा म्हातारा गेला होता, आणि सव्वा महिन्याचं काम बुडवून आला होता. त्यानं कपाटाचा मान राखला. कपाटाच्या मालकाचा शब्द मात्र राखला नाही. आपल्या माणसाचा शब्द हीही जपायची गोष्ट आहे, हे त्याला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं.

आप्पा खाली बसले. ससाणे म्हणाले, "उठा आप्पा. किल्ली माझ्याकडं असती तर तुमच्यावर ही वेळ आली नसती."

विभागप्रमुख आले ते सोनं वाटत. आपट्याचं पान माझ्याही हातात ठेवलं. प्रकार ऐकून त्यांनी बीकरमध्ये डोकावलं. बोलणं मऊ, भाषा शुद्ध.

"अहो, एवढं काय? स्वच्छ पुसा आणि पाठवून द्या. मोठा स्फटिक तर शाबूत आहे."

"सर, हळद नुसती वर बसत नाही. ती जस्ताला धरून बसते. वाढीच्या थरात गेलीय."

"मग असू दे. तिथे हिरवा उजेड दिसला म्हणजे झालं ना?"

"हळद स्वतःच हिरवट चमकू शकते. तो उजेड माझ्या पदार्थाचा की हळदीचा, कसं सांगायचं?"

"तिथे कोण विचारणार आहे?"

"मी विचारणार आहे, सर."

साहेबांचा मऊपणा तिथं संपला. "ससाणे, त्या निबंधावर माझंही नाव असणार आहे, आणि माझी हरकत नाही. मग तुमची का?"

त्यांचं नाव पहिलं असणार आहे, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. बीकरला ज्यानं कधी हात लावला नाही त्याचं नाव पहिलं! ज्यानं किल्ली दिली नाही त्याचं नाव पहिलं! आणि ज्याचं काम आहे त्यानं खोटा आकडा पाठवावा, म्हणजे उद्या तो उघडा पडला की "यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार" म्हणायला सगळे मोकळे. मी हे तिथंच मोठ्यानं बोललो. ससाण्यांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

पोस्टात जाऊन त्यांनी मुंबईला तार केली: नमुना बिघडला, दिलेला दिवस दुसऱ्यास द्यावा. तारबाबूनं विचारलं, "कुणी वारलं का काय?" त्यांचा चेहरा तसा होता.

मग आम्ही खोली शोधायला निघालो. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, एवढाच उपाय होता. नदीच्या बाजूला एका टोपीवाल्या आबांची खोली रिकामी होती. जाड दगडी भिंती, उत्तरेला खिडकी, विजेची जोडणी, आत पाऊल टाकताच गारवा. ससाण्यांनी भिंतीला तळवा लावला आणि काढलाच नाही. मी बोलणी केली. मेश्राम या आडनावावरून आबांना जात ठरवता येईना. त्यांनी चहा मागवला. "काचंचं सामान? ठिवा की. शिकली-सवरली माणसं, आमाला काय तरास?"

"राहणार मी," ससाणे म्हणाले. "ससाणे. गाव न्हावरं."

"आसं व्हय? न्हावऱ्यात कंच्या आळीला?"

ससाण्यांनी सांगितलं. सरळ, मान वर करून.

आबा टोपी काढून डोकं खाजवू लागले. "त्याचं काय हाय सर, खोली गळती हो."

"आत्ताच पाहिलं. ठणठणीत कोरडी आहे," मी म्हणालो.

"पावसाळ्यात गळती. आन् पोरगं बी येनार हाय म्हनं पुण्यास्नं. चहा घ्या, निवतोय."

ससाण्यांनी कप खाली ठेवला. शिरूरमधली ही कितवी खोली, ते मी विचारलं नाही.

पुन्हा दौंड

परतीच्या गाडीला वेळ होता. कमलताईंच्या खिडकीशी बसून ससाणे नवीन जस्त तोलत होते. पिवळा स्फटिक त्यांनी फेकला होता. भाऊजींनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. नुसतं विचारलं, "पुन्यांदा?"

"पुन्यांदा," ससाणे म्हणाले.

मालगाडी गेली. बरण्या किणकिणल्या. त्यांनी तराजूचा काटा थांबायची वाट पाहिली आणि पुढची चिमूट टाकली.

आता तुमच्याकडं वळतो. मला हळहळ नको, सत्कार नको, शाल-नारळ तर मुळीच नको. एक खोली हवी आहे. शिरूर किंवा दौंड तालुक्यात, रुळांपासून लांब, जाड भिंतींची, वीज असलेली. तिच्या कुलुपाला एकच किल्ली असावी आणि ती प्रल्हाद ससाण्यांच्या खिशात असावी. भाडं ते देतील. तुमच्याकडं अशी खोली असेल तर या मासिकाच्या पत्त्यावर आजच कार्ड टाका. नसेल, तर तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडं ती आहे त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा आणि ससाण्यांच्या नावानं मागा. त्यांनी आळी विचारली तर आळी सांगा. आणि मग खोली गळते म्हणाले, तर उठू नका. छप्पर दाखवा म्हणा.